सेफ्टी वॉल्व्हला बांधलेली तार

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना वाफेचा बॉयलर आहे. बॉयलर म्हटलं की ऐकणाऱ्याला मौद्याकडच्या वीजकेंद्राची धुराडी आठवतात. आमचा तसला नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरपेक्षा जरा उंच, पोटात विजेचे दोन हीटर, वर दाबाचा काटा, बाजूला पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी. शहरातलं एक लॉज बंद झालं तेव्हा त्याच्या धुलाईघरातून माझ्या नवऱ्याने तो उचलून आणला. मी शिकवत होते ती खासगी शाळा त्याच वर्षी बंद पडली होती. घरी बसून काय करायचं, म्हणून आम्ही स्टीम प्रेसचं काम सुरू केलं. लग्नातले शालू, शेरवान्या, उमरेडच्या विणकरांकडून येणाऱ्या नव्या साड्या. साध्या इस्तरीने जरीचं जे वाटोळं होतं ते वाफेने होत नाही, हे लोकांना कळलं आणि काम वाढत गेलं.

त्या बॉयलरच्या पोटात पंचवीस लिटरसुद्धा पाणी मावत नाही, म्हणून त्याला सरकारी तपासणी लागत नाही, असं लॉजवाल्याने सांगितलं होतं. तेव्हा मला ते सोयीचं वाटलं. पुढे त्याच गोष्टीची भीती वाटू लागली. म्हणजे याच्याकडे बघणारं आमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

त्याच्यावर तीन पहारे होते. दाब चारवर गेला की हीटर बंद करणारा एक स्विच. पाणी कमी झालं की हीटर बंद करणारा एक तरंगता गोळा, तो बाजूच्या लोखंडी डब्यात असतो. आणि ही दोन्ही फसली तर शेवटचा सेफ्टी वॉल्व्ह. जुन्या पद्धतीचा. एक आडवा दांडा, त्याच्या टोकाला लोंबणारं लोखंडी वजन. कुकरच्या शिट्टीसारखंच, दाब पाचवर गेला की वाफ दांड्याला उचलते आणि बाहेर पडते. तो उघडला की कानठळ्या बसायच्या. गल्लीतली कुत्री भुंकायला लागायची.

देखभालीला कामठीहून एक मिस्त्री यायचे. साठी उलटलेले, जुन्या लुनावरून. एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात त्यांनी बॉयलरपाशी तीस वर्षं काढलेली. आले की पहिल्यांदा काट्याच्या काचेवर नखाने टिचकी मारायचे, मग स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉयलरला आणि मूठ कानाला लावून ऐकत बसायचे. मला ते सगळं नाटक वाटायचं. प्रत्येक वेळी काही ना काही बदलायला सांगायचे, म्हणून माझा त्यांच्यावर जरा राग होता.

त्या फेब्रुवारीत सेफ्टी वॉल्व्ह अधूनमधून उघडायला लागला. मी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी नेहमीसारखं ऐकलं आणि म्हणाले, "वहिनी, हा दाबाचा स्विच अडकून राहिला. कधी तोडते, कधी नाई तोडत. हा बदला. अन् दुसरी गोष्ट, या वॉल्व्हचं तोंड पाहा. सरळ इस्तरीच्या टेबलाकडे आहे. याले पाइप लावून भिंतीबाहेर काढा."

"इतकी वर्षं तसंच चाललं ना?" मी म्हणाले.

"चाललं. म्हणून चालन असं नसते."

मी बघू म्हणाले. मनात म्हटलं, लग्नसराई तोंडावर आहे हे बघून यांनी बरोबर काम काढलं. मला त्या पाइपाचा राग आला. लॉजमध्ये नव्हता, आमच्याकडे कशाला हवा? ते गेल्यावर नवऱ्याला सांगितलं, "तुमचा मिस्त्री आता बॉयलरला दागिने घालायला निघालाय." तो हसला. विषय तिथेच संपला.

टेबलापाशी काम करायची ती एक बाई. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणायचे. ती मला बाई म्हणायची, कारण तिची मुलगी माझ्या शाळेत शिकली होती. मूळची उमरेडकडची. हात असा हलका की शालूच्या पदरावरून इस्तरी फिरताना कापडाला कळू नये. आठ वाजता यायची, शेड उघडायची, बॉयलर लावायची. मी घरचं आटोपून दहाच्या सुमारास जायचे.

होळीच्या आसपास ती चार दिवस आली नाही. फोन केला तर म्हणाली, ताप आहे. मला तो ताप खरा वाटला नाही. शेजारणीने त्याच आठवड्यात सांगितलं होतं की मेट्रोच्या पुलापलीकडे एक मोठी लॉन्ड्री उघडली आहे आणि ते प्रेस करणाऱ्या बायका शोधताहेत. मी मनात जुळवून टाकलं. ही तिकडे चार दिवस काम करून बघते आहे, जमलं तर जाईल. पाचव्या दिवशी ती आली. साडीवरून नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. मी विचारलं, "बरं आहे आता?"

"हाव," ती म्हणाली आणि कामाला लागली.

मी पुढे विचारलं नाही. तीही बोलली नाही. आमच्यात तेव्हापासून एक थंडी आली, आणि ती का आली हे मला ठाऊक आहे असं मी धरून चालले.

एप्रिलमध्ये एक चांगली गोष्ट झाली. बॉयलर गप्प झाला. वॉल्व्ह उघडेना, कुत्री भुंकेनात. दिवसाला पंधरा-वीस साड्या निघत होत्या आणि शेडमध्ये फक्त कूलरचा आणि इस्तरीच्या फुसफुसण्याचा आवाज. मी नवऱ्याला म्हटलं, "बघा, न बदलता बरा झाला." मिस्त्रींच्या बाबतीत आपणच बरोबर होतो याचा मला आनंद झाला होता, हे कबूल केलं पाहिजे.

पण आठ-दहा दिवसांनी तो गप्पपणा मला खुपायला लागला. शाळेत शिकवलेल्या माणसाला वर्ग अचानक शांत झाला की मागे वळून बघायची सवय असते. एका मंगळवारी सकाळी ताई चहाला घरात आली होती, तेव्हा मी शेडमध्ये गेले आणि बॉयलरभोवती फिरून नीट बघितलं. पाणी ठीक. काटा ठीक. वॉल्व्हच्या मागच्या बाजूने हात फिरवला तर बोटाला काहीतरी टोचलं.

बारीक तार. बांधकामात सळया बांधायला वापरतात तसली. वॉल्व्हचा दांडा खालच्या पाइपाला तीन वेढे देऊन घट्ट आवळला होता. पुढून दिसणार नाही अशा बेताने पीळ मागे घातलेला.

म्हणजे इतके दिवस हा बॉयलर बरा झालेला नव्हता, त्याचं तोंड बांधलेलं होतं.

मी बॉयलर बंद केला, दाब उतरू दिला आणि पक्कडीने तार तोडून ब्लाउजमध्ये लपवली. ताईला काहीही सांगितलं नाही. हे मी मुद्दाम केलं. ज्याने बांधली त्याला कळू द्यायचं नाही, मग तो परत येईल आणि सापडेल, असा माझा हिशोब होता. वर्गात खडू चोरणारा मुलगा मी असाच पकडायचे.

कोणी बांधली? माझं पहिलं उत्तर तयारच होतं. मिस्त्री. त्यांचं ऐकलं नाही म्हणून. काहीतरी बिघडेल, मग वहिनी धावत येतील. बॉयलरला हात लावणारा, कुठे काय बांधायचं हे कळणारा दुसरा होता कोण? मी तेव्हाच फोन लावला.

"मिस्त्रीभाऊ, खरं सांगा. सेफ्टी वॉल्व्हला तार तुम्ही बांधली का?"

ते म्हणाले, "तार बांधली? वॉल्व्हले?"

"हो. मागून."

"वहिनी, तीस वर्षं बॉयलरपाशी काढली म्या. वॉल्व्हले तार बांधणारा माणूस मिस्त्री नसते, कसाई असते." आणि मग आवाज चढवून, "पहिले ते काढा. आत्ताच्या आत्ता. अन् मले पुन्हा फोन नका करू."

मी काढली आहे हे सांगायच्या आत फोन बंद. एवढा राग आला म्हणजे वर्मावर बोट पडलं, असं मी समजले.

मी शेडला नवं कुलूप आणलं. दोन किल्ल्या, एक माझ्याकडे, एक ताईकडे. ताईवर माझा संशय नव्हता. ती बॉयलरपासून दोन हातांवर उभी राहून दिवसभर काम करते. आपल्याच कुशीशी कोण बॉम्ब बांधून ठेवेल? ती सोडून जाईल हा संशय वेगळा, हा वेगळा. वॉल्व्ह सुटल्यावर दोनदा उघडला, पुन्हा कुत्री भुंकली. मी रोज संध्याकाळी ताई गेली की दांड्यामागून हात फिरवायचे.

आठव्या दिवशी तार परत होती.

या वेळी जाड, पांढरी. मी ती ओळखली. ड्रायक्लीनचे कपडे टांगायचे तारेचे हँगर असतात, त्यातला एक सरळ करून बांधला होता. मिस्त्री त्या आठवड्यात आमच्या गल्लीत फिरकले नव्हते. कुलूप नवं होतं. म्हणजे हे घरातलं होतं.

नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. मे महिन्यात शाळा बंद, तो दिवसभर घरी. शेडमधून बॉयलर हलवून तिथे व्हॅन लावायची हे त्याचं जुनं स्वप्न. "गाडी उन्हात भाजून राहिली," हे वाक्य तो दिवसातून एकदा म्हणायचाच. माझी किल्ली फ्रिजवर पडलेली असायची. मला आठवत गेलं तसं सगळं बसत गेलं. संशयाचं हेच असतं, त्याला जे हवं ते घरातच सापडतं.

दुपारी जेवताना मी ती तार त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"हे काय?" त्याने विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"हँगर आहे."

"वॉल्व्हला बांधलेला होता. दुसऱ्यांदा. तुम्ही बांधला?"

त्याने घास खाली ठेवला. "तू मायावर शक घेऊन राहिली?"

"विचारतेय."

"अवं, मले तो बॉयलर काढाचा असता तं भंगारवाल्याले बोलावलं असतं. घरासकट कायले उडवीन? मीही इथंच झोपतो ना?" तो उठला, हात धुतले. दारातून परत वळून म्हणाला, "बावीस वर्षं झाली लग्नाले. काहून असं डोकं चालते तुझं?"

त्याने जेवण अर्धं टाकलं होतं. त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी बघत होते की हात धुताना त्याच्या बोटांवर तारेचे ओरखडे आहेत का.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी पहारा धरला. ती तार मी काढली होती, आणि या खेपेलाही ताईला काही बोलले नव्हते. खिडकीतून शेडचं दार, टेबल आणि बॉयलरचा वरचा अर्धा भाग दिसतो. मी कणीक मळत, भाजी चिरत तिकडे बघत राहायचे. दोन दिवस काही नाही. नवरा शेडकडे फिरकलाही नाही. माझ्याशी बोलतही नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो व्हॅन दुरुस्तीला घेऊन गेला. दहा-साडेदहा झाले असतील. ताई एक अंजिरी शालू प्रेस करत होती. तिने काम थांबवून काट्याकडे बघितलं. मग टेबलाच्या कडेला धरून ते हातभर मागे सरकवलं. मग पुन्हा काट्याकडे. मी डोळे बारीक केले. खिडकीतून काट्यावरचा आकडा दिसत नव्हता, पण हीटरचा लाल दिवा दिसत होता, आणि तो बराच वेळ लागलेलाच होता. दाब चारवर गेला की तो विझतो. विझला नव्हता. आणि वॉल्व्हही उघडत नव्हता.

मला तेव्हा कळलं की तार परत बांधलेली आहे.

पिठाचे हात तसेच घेऊन मी पळाले. शेडकडे नाही, पुढच्या ओसरीत, मीटरच्या पेटीकडे. शेडचा खटका बॉयलरच्या पलीकडच्या भिंतीवर होता, तिथवर जायची माझी हिंमत नव्हती. ओसरीतून सगळ्या घराची वीज खाली पाडली. कूलर घरघरत थांबला. मग मागे धावले आणि दारातून ओरडले, "ताई, बाहेर या! आधी बाहेर या!"

ताई हलली नाही. तिने शालू एका हाताने खाली ढकलला, बादलीतलं ओलं फडकं टेबलावर टाकलं, इस्तरी त्यावर धरली आणि वाफेचं बटण दाबून धरलं. फडक्यातून पांढरा लोट उठला.

"थांबा बाई," ती म्हणाली. "निघू द्या वाफ. इकून निघून राहिली."

काटा साडेसहाच्या पुढे होता. त्या काट्याला तिथे मी कधी पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा वाफेत दिसेनासा झाला, फक्त बटणावरचा अंगठा दिसत होता. काटा सहावर आला. पाचावर यायला किती वेळ लागला सांगता येत नाही. मी दारातच उभी होते, आत गेले नाही. चारच्या खाली आल्यावर तिने इस्तरी स्टँडवर ठेवली, बाहेर आली आणि नळाशेजारच्या दगडावर बसली.

मी तिला पाणी दिलं. तिने प्यायलं नाही, हातात धरून ठेवलं.

"म्याच बांधली," ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं.

"काय?"

"तार. तिन्ही वेळा."

मला वाटलं ती शुद्धीवर नाही. "का पण? तुम्ही तर जवळ उभ्या राहता!"

"जवळ उभी राह्यते म्हणूनच तं."

तिने शर्टाची उजवी बाही वर सरकवली. कोपरापासून खांद्यापर्यंत कातडी गुलाबी, चुरगळलेली, मध्येच चकाकणारी. भाजून भरत आलेली जखम.

"होळीच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली. "तुमी बाजारात गेल्या होत्या. फाडकन उघडला नं तो. मी वाकली होती पदर नीट कराले. सगळी वाफ अंगावर. चार दिवस पोरीनं कोरफड लावली."

"मला सांगितलं का नाही?"

"कायले सांगू?" पहिल्यांदाच तिच्या आवाजात धार आली. "जानेवारीत म्हटलं मी तुमाले, बाई, हे अंगावर थेंब उडवून राहिलं. तुमी म्हणल्या, टेबल जरा सरकवून घ्या. टेबल हातभराच्या वर सरकवलं तं नळी पुरत नाई. मिस्त्री सांगून गेला पाइप लावा. मी इथंच होती, आयकलं म्या. तुमी हसण्यावारी नेलं. मंग मी काय समजू?"

मला ते थेंबांचं बोलणं आठवलंही नाही. आजही आठवत नाही. पण ती खोटं बोलत नव्हती.

"आणि मी तार काढली तेव्हा?"

"मले वाटलं तुमी मुद्दाम काढली. मले कायी बोलल्या नाई, कुलूप नवं आणलं, माया हातात किल्ली देताना तोंडाकडे पाहून राहिल्या होत्या. म्हटलं, बाईले कळलं आपण बांधली, अन् आपल्याले भाजू द्याचं हाय. काम सोडून जाव म्हणून करून राहिल्या." तिने बाही परत खाली ओढली. "मले भेव लागे बाई त्या वॉल्व्हचं. फुटन बिटन हे नाई ठाव. थे उघडते, एवढंच ठाव होतं."

मी त्या दगडावर तिच्या शेजारी बसले. दोन महिने मी तिच्याकडे चोर म्हणून बघत होते, दुसऱ्या लॉन्ड्रीत जाणारी म्हणून. ती माझ्याकडे अंगावर वाफ सोडणारी म्हणून बघत होती. दोघी रोज दहा वाजता एकत्र चहा पीत होतो.

मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली. मग म्हणाली, "शालूवर पाणी उडालं असन, पाहा जाऊन."

नवरा परत आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी शेडमध्ये जाऊन वॉल्व्हची तार काढून आला. मग एवढंच म्हणाला, "मिस्त्रीले तू आणाचं. मी नाई जात."

दुसऱ्या दिवशी मी शेअर ऑटोने कामठीला गेले. पत्ता विचारत घर सापडलं. मिस्त्री दारात खाटेवर पेपर वाचत होते. मला बघून त्यांनी पेपर खाली केला नाही. त्यांच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून दिला. मी उभ्याउभ्याच सुरू केलं आणि काही न गाळता सांगितलं. फोनवर काय बोलले तेही, मनात काय होतं तेही. काटा साडेसहावर गेला म्हटल्यावर पेपर खाली आला.

"अन् तुमी दोघी तिथंच?"

"ताई आत होत्या. मी दारात."

"पळाचं होतं!" ते खाटेवरून उठलेच. "वीज पाडली नं? मंग पळाचं, लांब. बहादुरी नाई पायजे बॉयलरले." मग बायकोकडे वळून, "चहा ठेव वं." माझ्याकडे न बघता म्हणाले, "शनिवारी येतो. तोपर्यंत हात लावाचा नाई."

शनिवारी ते आले. आधी ताईचा हात बघायला मागितला. बघितला आणि मान खाली घालून कामाला लागले. दाबाचा स्विच उघडून मला दाखवला. आतले वीज जोडणारे तांब्याचे ठिपके एकमेकांना चिकटून एक झाले होते. मग तरंगत्या गोळ्याचा डबा उघडला. आमच्या बोअरच्या पाण्यात किती क्षार आहे हे मला बादलीवरच्या पांढऱ्या थरावरून माहीत होतं, पण त्या डब्यात तो चुन्यासारखा घट्ट बसला होता आणि गोळा त्यात रुतला होता. पाणी असो नसो, तो वरच.

"म्हणजे पाणी संपलं असतं तरी..." मी म्हणाले.

"तरी हीटर चालूच. हा केव्हापासून असा, देवाले ठाव." त्यांनी स्क्रूड्रायव्हरने पापुद्रा खरवडला. "दोन पहारेकरी झोपले होते, वहिनी. तिसरा जागा होता, त्याले बांधून ठेवलं. अन् त्याचंही काय चुकलं? त्याचं तोंडच माणसाकडे करून ठेवलं होतं तुमी."

मी 'तुमी'वर अडले नाही. ते खरं होतं.

स्विच बदलला, डबा साफ झाला, वजनाचा दांडा झिजला होता म्हणून अख्खा वॉल्व्ह नवा आला. त्याच्या तोंडाला पाइप लावून तो मागच्या भिंतीतून नालीच्या वर, खाली तोंड करून काढला. नवऱ्याने स्वतः भिंतीला भोक पाडलं. तोपर्यंत तो माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला होता. पूर्ण बोलायला पावसाळा उजाडला, आणि अजूनही घरात काही हरवलं की तो मुद्दाम दोन्ही हात पुढे करून दाखवतो. मी हसते. तो हसत नाही.

मिस्त्रींनी आम्हा दोघींना समोर उभं करून शिकवलं. रोज सकाळी डब्याची तोटी उघडून गाळ काढायचा, आणि तसं करताना हीटर बंद पडतो का ते बघायचं. नाही पडला तर त्या दिवशी काम नाही. स्विच चारवर तोडतो का हे दिवा विझताना डोळ्यांनी बघायचं, काट्याच्या भरवशावर नाही, कारण काटाही खोटं बोलू शकतो. आठवड्यातून एकदा दांडा हाताने उचलायचा, वाफ बाहेर जाते का बघायचं. "गप्प बसला म्हणजे चांगला, असं नाई," ते म्हणाले. ताईने पहिल्याच दिवशी सगळं बरोबर करून दाखवलं. मला तीन वेळा सांगावं लागलं.

दांडा उचलायची वेळ आली तेव्हा मात्र ती मागे सरकली. मी उचलला. भिंतीपलीकडे केवढा तरी आवाज झाला आणि नालीवर पांढरा ढग उठला. शेडमध्ये एक थेंबही आला नाही. ताईने डाव्या हाताने उजवा दंड झाकून घेतला होता. पुढचे कितीतरी आठवडे ती तसंच करायची. मग एका शनिवारी पुढे आली आणि तिने स्वतः उचलला.

ती दुसऱ्या लॉन्ड्रीत गेली नाही. तिकडे तिने कधी चौकशीच केली नव्हती, हे मला नंतर शेजारणीकडूनच कळलं. पण आमचं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. शेडच्या दारामागे आम्ही एक वही टांगली, तपासणी झाली की तीत आपापली खूण करायची. तिची खूण असली तरी मी एकदा तोटी उघडून बघते. मला वाटायचं, हे तिला कळत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी एकदा लवकर शेडमध्ये गेले, सगळं तपासलं, वहीत खूण केली आणि घरात आले. काहीतरी विसरलं म्हणून परत गेले तर ताई डब्यापाशी वाकलेली. तोटी उघडून लाल दिव्याकडे बघत होती. मी तपासलेलं तपासत होती.

मला बघून तिने सावकाश तोटी बंद केली. "तुमच्यावर भरोसा नाई असं नाई, बाई," ती म्हणाली.

"आहे का?" मी विचारलं.

तिने खरंच विचार केला. टेबलावर एक मोरपंखी साडी पसरलेली होती, तिची घडी तळव्याने सारखी केली.

"थोडा थोडा," ती म्हणाली, आणि इस्तरी उचलली.